मूठभर तांदूळ आणि विसावा हिस्सा : मिझो चर्चच्या बांधणीतून आपल्याला काय दिसते?

वाशी रेल्वे स्टेशनजवळ वेगवेगळ्या राज्यांची भवने आहेत. त्यांतले एक मिझोराम हाऊस. तिथे उतरणारे सगळेच सरकारी कामाला आलेले नसतात. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा आपल्या पनवेल तालुक्यातल्या खारघरच्या टाटा केंद्रात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही तिथे असतात. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालानुसार पुरुषांमधील कर्करोगाचे देशातले सर्वाधिक प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात आहे, लाखामागे २६९.४. म्हणजे दोन-अडीच हजार किलोमीटरवरून इथे येणे ही त्यांची हौस नाही.

या माणसांना मराठी येत नाही, हिंदीही अनेकांना जेमतेम. तरी ती एकटी पडत नाहीत. मिझो माणूस ज्या मोठ्या शहरात शिकायला, नोकरीला किंवा उपचाराला जातो, तिथे रविवारी मिझो भाषेतली प्रार्थनासभा भरते. गावाकडे कोणी प्रेस्बिटेरियन असेल, कोणी बॅप्टिस्ट. शहरात ते एकत्र बसतात. याला ते फेलोशिप म्हणतात. प्रार्थना झाली की कामाच्या गोष्टी निघतात. कोण आजारी आहे, कोणाला रक्त हवे आहे, कोण नवीन आले आणि त्याला खोली मिळाली का, कोणाचा मृतदेह गावी पाठवायचा आहे.

आपल्या चळवळीत ख्रिस्ती मिशनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : "त्यांच्याकडे परदेशी पैसा आहे, आपल्याकडे नाही." मिझोरामच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. का चालत नाही, ते समजून घेण्यासारखे आहे.

लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजी लुशाई टेकड्यांत सायरंगला पोहोचले. लीड्सचे श्रीमंत गृहस्थ रॉबर्ट आर्थिंग्टन यांच्या पैशावर ते आले होते. त्या आधी इंग्रज फौजा तिथे पोहोचल्या होत्या, हेही विसरू नये. मिशन आणि साम्राज्य एकाच वाटेने आले. या दोघांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा सुरू केली, व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. १८९७ च्या शेवटी ते निघून गेले तेव्हा एकाही मिझो माणसाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याच वर्षी वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स ऐझॉलला आले आणि २५ जून १८९९ रोजी खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला. लॉरेन आणि सॅव्हिज १९०३ मध्ये बॅप्टिस्ट मिशनकडून परत आले आणि दक्षिणेत लुंगलेईजवळ काम करू लागले. आज ११ जानेवारीला मिझोराममध्ये मिशनरी दिनाची सुट्टी असते.

दोन बाप्तिस्म्यांपासून २०११ च्या जनगणनेतल्या ८७ टक्क्यांपर्यंतचा प्रवास गोऱ्या मिशनऱ्यांनी केलेला नाही. ते नेहमीच मोजके होते. गावोगाव फिरणारे प्रचारक, शाळामास्तर, बायबल शिकवणाऱ्या बाया हे सगळे मिझोच होते. आणि त्यांना पोसायचे कोणी, या प्रश्नातून जी गोष्ट उभी राहिली ती आपल्या कामाची आहे.

तिचे नाव बुहफाइ थाम, म्हणजे मूठभर तांदूळ. १९१० मध्ये बायकांनी हे सुरू केले. स्वयंपाकाला तांदूळ काढताना प्रत्येक वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. आठवड्याने मंडळीतल्या बाया घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा प्रचारकार्यासाठी चर्चकडे जमा होतो. शंभर वर्षे उलटून गेली, पद्धत चालू आहे. वेल्श मिशनरी १९६० च्या दशकाच्या अखेरीस परतले. त्यानंतर चर्च बंद पडले नाही. उलट आज मिझो चर्च स्वतःच्या पैशावर दुसऱ्या राज्यांत मिशनरी पाठवते. ज्यांच्याकडे मिशन आले होते, तेच मिशन पाठवणारे झाले.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. दान रोजचे आहे, त्यामुळे ते सवयीत गेले आणि सणावर अवलंबून राहिले नाही. ते इतके छोटे आहे की गरिबातली गरीब बाईसुद्धा देणारी ठरते, घेणारी नव्हे. आणि ते घरातल्या बाईच्या हातात आहे, पुढाऱ्याच्या नाही. याला मिझो समाजाचा जुना आधारही होता. त्लॉमङाइना म्हणून त्यांचे एक मूल्य आहे : स्वतःला तोशीस लावून, न सांगता, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. हे ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचे. चर्चने ते मोडले नाही, वापरले. १९३५ मध्ये स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशन आजही वस्तीत मयत झाले की कबर खणण्यापासून दुखवट्याच्या घरी रात्रभर बसण्यापर्यंत सगळे करते. तिथे पोरांना बोलवायला जावे लागत नाही.

आता आपल्याकडे या. १४ ऑक्टोबर १९५६ आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या दिवशीचे, १५ ऑक्टोबरचे नागपूरचे भाषण आपण त्या मानाने कमी वाचतो. त्यात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. विसावा म्हणजे शंभरातले पाच. हा आकडा किती बौद्ध घरांत माहीत आहे, आणि माहीत असलेल्या किती घरांत तो बाजूला काढला जातो? वर्गणी आपण देतो, नाही असे नाही. जयंतीला देतो, आणि बऱ्याच ठिकाणी ती डीजे आणि बॅनरमध्ये जाते. विहार बांधायला देतो, स्लॅब पडतो, नंतर त्या विहारात रविवारी आठ-दहा माणसे. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. जयंतीचा जल्लोष ज्यांना खुपतो त्यांचे हेतू मला ठाऊक आहेत. पण वर्षातून दोनदा जमणारा पैसा आणि रोज जमणारी मूठ यांची ताकद वेगळी असते.

मिशनऱ्यांकडून शिकायचे म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी बाबासाहेबांचा १९५० चा, महाबोधी सोसायटीच्या मासिकातला लेख पाहावा. बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य हा त्याचा विषय. तिथे ते भिक्खू संघाबद्दल फार स्पष्ट बोलतात. संख्या भरपूर, पण विद्या आणि सेवा दोन्ही कमी. आशियात ख्रिस्ती धर्म शिक्षण आणि रुग्णसेवेच्या जोरावर पसरला, आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असे ते तिथेच सुचवतात.

त्याच बाबासाहेबांनी मिशनची चिकित्साही केली आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे आणि धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात आहे. शाळा-दवाखान्यांचे श्रेय ते देतात. पण धर्म बदलल्यावरही जात टिकली आणि धर्मांतरितांवरच्या अन्यायाविरुद्ध चर्च उभे राहिले नाही, हे ते ठणकावून सांगतात. अहमदनगरकडच्या महार आणि मांग ख्रिस्ती समाजाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. मिझो समाजात जात नव्हती, सगळा समाजच एका धर्मात गेला, म्हणून तिथे चर्चच्या आत दोन पंगती पडल्या नाहीत. शिवाय अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, त्यामुळे मिझो माणसाने ख्रिस्ती होऊन सवलत गमावली नाही. आपल्या लोकांनी ती गमावली होती. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना केंद्राने १९९० मध्ये घेतले. दलित ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. मिझोरामचे यश जसेच्या तसे आपल्याकडे लागू करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागेल.

मिझो समाजातही गुलामीसारखी एक प्रथा होती, बोई. दुष्काळात उपाशी, अनाथ, कर्जात बुडालेली माणसे सरदाराच्या घरी आश्रयाला जात आणि पुढे त्यांचीच होऊन राहत. सुटायचे तर मोबदला भरावा लागे. १९०८ मध्ये आलेले मिशनचे डॉक्टर पीटर फ्रेझर या प्रथेविरुद्ध उभे राहिले. ब्रिटिश अधिकाऱ्यांना सरदार नाराज व्हायला नको होते. फ्रेझर यांना टेकड्या सोडाव्या लागल्या. मिशनने त्यांच्यासाठी सरकारशी भांडण ओढवून घेतले नाही. संस्था टिकवायची की अन्यायाविरुद्ध बोलायचे, हा पेच तिथेही होता आणि संस्थेने संस्थाच निवडली.

आणि आता जी गोष्ट आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. मिझोराममध्ये बौद्ध आहेत. २०११ च्या जनगणनेत साडेआठ टक्के, म्हणजे सुमारे ९३ हजार. बहुतेक सगळे चकमा, थेरवादी परंपरेचे, राज्याच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य भागात बांगलादेशच्या सीमेलगत. १९७२ पासून त्यांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे, मुख्यालय कमलानगर. मिझो संघटनांच्या दृष्टीने त्यांतले अनेक जण परके, सीमेपलीकडून आलेले. २०१७ मध्ये निवड झालेल्या चार चकमा विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय जागांना मिझो विद्यार्थी संघटनेने विरोध केला आणि त्या जागा रोखल्या गेल्या. निषेध म्हणून बुद्ध धन चकमा यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जी बंधुता शहरात अनोळखी मिझो रुग्णाला खोली मिळवून देते, तीच आपल्या राज्यातल्या शेजाऱ्यापाशी येऊन थांबते. चर्चच्या बांधणीचे कौतुक करताना मला हे झाकायचे नाही. बंधुतेची सीमा जमातीच्या सीमेवर आखली गेली की असेच होते, आणि आपल्या पोटजातींचे मेळावे पाहिले की हा दोष फक्त त्यांचाच आहे असे म्हणवत नाही.

कमलानगरचा चकमा बौद्ध रुग्ण टाटाला आला, तर त्याला रविवारी कोण भेटायला जाईल? देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. मुंबई-नवी मुंबईत विहारांची कमी नाही.

द्रोणागिरीसारख्या नव्या नोडमध्ये हा प्रश्न परक्यांपुरता राहत नाही. बंदरावर, कंटेनर यार्डात कामाला आलेली विदर्भ-मराठवाड्यातली बौद्ध कुटुंबे इथे भाड्याने राहतात. सिडकोच्या इमारतीत शेजारच्या दारामागे कोण आहे ते वर्षभर कळत नाही. उरणपर्यंत लोकल आली तशी ये-जा वाढली, ओळखी तेवढ्या वाढल्या नाहीत. घरात कोणी आजारी पडले तर पहिला फोन गावाकडे जातो.

इथे इमारतीची वाट बघायची गरज नाही. पाच घरांनी सुरुवात करता येते. प्रत्येक घरी एक डबा. तांदूळच हवेत असे नाही, रोजचे पाच रुपये चालतील. पाच घरांचे महिन्याला साडेसातशे होतात. डबा उघडण्याचा दिवस पौर्णिमेचा ठेवावा, त्या दिवशी वंदनेला आपण जमतोच. हिशेबाची वही घरातल्या बाईकडे राहावी आणि जमा-खर्च सगळ्यांसमोर वाचला जावा. पहिल्या वर्षी या पैशातून ना मूर्ती, ना बॅनर. दवाखान्यात भरती असलेल्याचा डबा, नातेवाइकाचे गाडीभाडे, नवीन आलेल्या मुलाचे पहिल्या आठवड्याचे जेवण एवढेच. त्यासाठी रुग्ण आपल्या जिल्ह्याचा आहे का, आपल्या पोटजातीचा आहे का, हे विचारायचे नाही. खारघरला जायचे तर द्रोणागिरीहून लोकल पकडायची, बेलापूरला गाडी बदलायची. रविवारची एक सकाळ जाते.