पोराला काढण्याआधी प्रॉब्लेम चित्रात मांडा

दुकानात काही बिघडलं की तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो? 'कोणी केलं?' माझाही तोच होता.

आमचं प्लंबिंगच्या मालाचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात चुकीचा माल परत यायला लागला. साइटवर काम अडायचं, प्लंबर पिशवी घेऊन परत यायचे आणि बोलणी मी खायचो. माल भरून देणारा मुलगा चार वर्षं आमच्याकडे आहे. त्याला दोनदा गिऱ्हाइकांसमोर झापलं. शेवटी ठरवलं, महिना भरला की सांगायचं, उद्यापासून येऊ नकोस. त्याआधी प्रॉब्लेम एकदा लॅपटॉपवर मांडून बघितला, म्हणून मोठी चूक टळली.

आधी मोजणी

पंधरा दिवस परत आलेला प्रत्येक माल वहीत लिहिला. २२ वेळा माल परत आला, त्यातला १५ वेळा घोळ एकच: सीपीव्हीसीच्या जागी यूपीव्हीसी, नाहीतर उलटं. दोन्हीत पाऊण इंची एल्बो मिळतो, पण पाइपचा बाहेरचा व्यास वेगळा, त्यामुळे एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही. थोडी कारणं बहुतेक त्रास देतात, हा पॅरेटोचा नियम बीबीएला पाठ केला होता. इथे तो वहीत दिसला. बाकीचे ७ बाजूला ठेवले.

एक फाइल, तीन पानं

मी ड्रॉ डॉट आयओ वापरतो. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिनही लागत नाही. कागदावर का नाही? कारण इथे चौकट हलवली की तिला जोडलेला बाण सोबत हलतो. दहा वेळा बदल करा, खाडाखोड नाही. खालच्या अधिक चिन्हाने त्याच फाइलमध्ये नवं पान मिळतं. मी प्रत्येक पानावर वेगळी पद्धत वापरली.

पान १, फ्लोचार्ट. काम कसं होतं ते. फोन आला, ऑर्डर पुस्तकात नोंद, चिठ्ठी, माल भरणे, तपासणी, रवाना. जिथे 'हो की नाही' ठरतं तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट. काढून झाल्यावर त्या मुलाला दाखवलं. तो जरा घाबरतच म्हणाला, "दादा, असं होत नाही. तुम्ही जेवायला गेलात की फोन अण्णा घेतात आणि तोंडीच सांगतात. चिठ्ठी असली तरी तिच्यावर 'पाऊण एल्बो १०' एवढंच असतं. कुठला ते मी अंदाजाने घेतो."

माझं चित्र म्हणजे मला वाटणारं दुकान होतं. खरं दुकान त्याला माहीत होतं.

पान २, माशाचा सांगाडा. ही जपानच्या काओरू इशिकावांची पद्धत. डोक्याजागी प्रॉब्लेम, काट्यांवर कारणं: माणूस, पद्धत, माल, साधन, मोजमाप. 'माणूस' या काट्यावर मला एकच कारण लिहिता आलं. 'पद्धत' आणि 'साधन' मात्र भरून गेले.

पान ३, पाच वेळा 'का'. ही टोयोटात रुजलेली पद्धत.
चुकीचा एल्बो का गेला? मुलाने अंदाजाने घेतला.
अंदाज का? चिठ्ठीवर प्रकार नव्हता.
का नव्हता? फोनवर कोणी विचारलाच नाही.
का नाही विचारला? ऑर्डर पुस्तकात तो रकानाच नाही.
रकाना का नाही? दुकानात सीपीव्हीसी नव्हतं तेव्हाचा नमुना, आणि मी दरवर्षी तोच डोळे मिटून छापून घेतो.

म्हणजे बोट माझ्याकडेच वळलं.

तीन पद्धती कशाला?

नुसता 'का' विचारला असता तर मी पहिल्याच पायरीला 'मुलाचं लक्ष नाही' म्हणून थांबलो असतो. नुसता सांगाडा काढला असता तर कारणांची लांबलचक यादी हातात राहिली असती. फ्लोचार्ट गाठ कुठे आहे ते दाखवतो, सांगाडा सगळ्या बाजू बघायला लावतो, 'का' मुळापर्यंत नेतो. एक नियम मात्र पाळा: उत्तरात माणसाचं नाव आलं की अजून एकदा 'का' विचारा.

उपाय काय केला? पुस्तकात 'प्रकार' हा रकाना वाढवला, आणि अण्णांनी फोन घेतला तरी चिठ्ठी लिहायचीच असं ठरलं. पुढच्या पंधरा दिवसांत परत आलेला माल २२ वरून ६ वर आला. झापलं होतं गिऱ्हाइकांसमोर, म्हणून त्या मुलाची माफीही गिऱ्हाइकांसमोरच मागितली. ते रकाना वाढवण्यापेक्षा अवघड गेलं.

या आठवड्यात तुम्ही काय कराल?

एकच प्रॉब्लेम निवडा. पंधरा दिवस मोजा. फ्लोचार्टला अर्धा तास द्या, रंगरंगोटीत वेळ घालवू नका. मग ते काम रोज करणाऱ्याला दाखवा आणि विचारा, "यात चुकलंय काय?" आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.

व्हिडिओत हीच फाइल कोऱ्या पानापासून बनवून दाखवली आहे. बघा, स्वतःच्या दुकानाची काढा. भेटू पुढच्या भागात!