बारा इंचांची चौकट

एक छायाचित्र घ्यावे. नदीवरचा पूल, जुन्या घराचा दरवाजा, बाजारातील गर्दी, कोणतेही चालेल. त्याच्या आठ उभ्या पट्ट्या कापाव्यात आणि आठ जणींना एकेक वाटून टाकावी. प्रत्येकीने आपली पट्टी ठरलेल्या मापाला वाढवायची आणि कापडातून उभी करायची. कापड कोणते, रंग कोणते, टाका हाताचा की मशीनचा, हे जिचे तिने ठरवायचे. पट्टीच्या कडेला चित्रातील रेषा जिथे पोहोचते तो बिंदू मात्र हलवायचा नाही. शिवाय ठरलेल्या दिवसापर्यंत कोणी कोणाला आपले काम दाखवायचेही नाही. दोन-तीन महिन्यांनी आठही पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगल्या जातात. एकीचे आकाश पहाटेचे असते, दुसरीचे भर दुपारचे. एकीने पुलाचे दगड जुन्या रेशमी टायच्या तुकड्यांतून केलेले असतात, तर शेजारणीने तेच दगड झिजलेल्या जीन्समधून. तरीही चार पावले मागे गेले, की डोळा तुटलेल्या रेषा आपोआप जोडतो आणि पूल दिसू लागतो.

या खेळाला ‘स्लाइस क्विल्ट’ म्हणतात. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील आर्ट क्विल्टच्या स्थानिक गटांमध्ये असे खेळ नित्य चालतात. त्यांना तेथे ‘चॅलेंज’, म्हणजे आव्हान म्हटले जाते. वरवर पाहता हा हौशी महिलांचा विरंगुळा वाटेल. प्रत्यक्षात घरकामातील एका कौशल्याला कलेच्या दारापर्यंत नेण्यात या आव्हानांचा वाटा मोठा आहे.

क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची चुलत बहीण. वरचे कापड, मधला कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र धरून ठेवणारा टाका, ही तिची साधी व्याख्या. आर्ट क्विल्टमध्ये थर आणि टाका राहतो, अंथरूण-पांघरुणाची गरज तेवढी गळून पडते. ती भिंतीवर टांगण्यासाठीच केलेली असते आणि तिचा आराखडा कोणत्याही छापील नमुन्यावरून न घेता करणारीचा स्वतःचा असावा लागतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. पुढे १९७९ मध्ये ओहायो राज्यातील अथेन्स या गावी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झाले. पारंपरिक प्रदर्शनांत ज्यांच्या कामाला जागा मिळत नव्हती, अशा कलावतींनी ते उभे केले. जागा कोणती, तर पाडण्याच्या बेतात असलेला आणि गावकऱ्यांनी वाचवलेला एक जुना दुभत्या गाईंचा गोठा. हे प्रदर्शन तेव्हापासून दर दोन वर्षांनी भरते. १९८९ मध्ये यव्हॉन पोर्सेला यांच्या पुढाकाराने ‘स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स’ ही संस्था निघाली आणि तिच्या विभागीय शाखांतून स्थानिक गटांना बळ मिळाले.

गटाची घडण मात्र कोणत्याही संस्थेपेक्षा आपल्या भिशीच्या अधिक जवळची असते. दहा-बारा जणी, महिन्यातून एक दिवस, कोणाच्या घरी किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत. प्रत्येकीने महिनाभरात केलेले काम आणायचे आणि सर्वांसमोर उलगडायचे. कोणी नवे तंत्र शिकून आली असेल तर ती ते दाखवते. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवले, की कापडावर तांबूस ठसे उमटतात. इस्त्रीने चिकटणारी जाळी लावली, की कापडाच्या कडा न दुमडताही तुकडा जागच्या जागी बसतो. मशीनचे दाते खाली केले, की कापड हव्या त्या दिशेला फिरवून सुईने चक्क रेखाटन करता येते. आपल्याकडे मशीन भरतकाम शिकलेल्या महिलांना यातील शेवटचे तंत्र ऐकून हसू येईल. रिंगमध्ये कापड ताणून, मशीनचा पाय काढून त्या हेच काम वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

आव्हानांचे प्रकार अनेक. कधी सर्वांना एकच कापड वाटले जाते, तेही मुद्दाम भडक किंवा कुरूप. ते कामात ओळखू येईल इतपत वापरलेच पाहिजे. कधी प्रत्येकीने आपल्याकडील नको असलेले तुकडे, दोरे, बटणे एका कागदी पिशवीत भरून आणायची. मग चिठ्ठ्या टाकून पिशव्यांची अदलाबदल होते आणि दुसरीच्या अडगळीतून आपले चित्र काढावे लागते. ‘राउंड रॉबिन’ हा प्रकार त्याहून कसोटीचा. एकीने मधला चौकोन करायचा आणि तो पुढच्या सदस्येकडे सोपवायचा. ती त्याला एक किनार जोडते, तिसरी आणखी एक. अनेक महिन्यांनी आपला चौकोन आपल्याकडे परत येतो तेव्हा तो आपला राहिलेला असतोच असे नाही. वाटेत कोणी काय केले याबद्दल तक्रार करण्याची मुभा मूळ मालकिणीला नसते. शिवणकामापेक्षा स्वभावाची परीक्षा पाहणारे असे हे आव्हान.

सर्वांत फलदायी ठरला आहे तो मात्र एकशब्दी विषयाचा प्रकार. २००७ मध्ये निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या बारा जणींनी ‘ट्वेल्व्ह बाय ट्वेल्व्ह’ नावाचा उपक्रम हाती घेतला. माप बारा इंच बाय बारा इंच, दर दोन महिन्यांनी नवा विषय आणि सर्वांनी आपले काम एकाच दिवशी उघड करायचे. पहिला विषय होता डँडेलियन, म्हणजे तिकडच्या हिरवळीवर माजणारे पिवळे रानफूल. पुढे चॉकलेट, पाणी, निवारा, गणित, खिडकी असे विषय येत गेले. गणितासारखा विषय आला की वैतागणाऱ्याही असणारच. पण गोधडी जोडणारीला भूमितीचे भय नसते. चौकोन, त्रिकोण, कर्णाची लांबी, शिवणीसाठी सोडायचा पाव इंच, हे तिचे रोजचेच हिशेब. या उपक्रमातून बारा बारांचे चौरस भिंतीवर एकत्र आले आणि त्याचे पुस्तकही २०११ मध्ये निघाले.

बारा इंचच का, याचे उत्तर व्यावहारिक आहे. पलंगभर क्विल्ट करायला महिने लागतात. एवढे कष्ट आणि एवढे कापड पणाला लावून कोणी नवा प्रयोग करीत नाही. जे जमते तेच ती पुन्हा करते. बारा इंचांचा तुकडा फसला, तर मात्र फार तर एक आठवडा वाया जातो. शिवाय माप ठरलेले, विषय ठरलेला, तारीखही ठरलेली, मग ‘काय करू’ या प्रश्नाचा निम्मा भार उतरतो. मोकळ्या कागदासमोर थबकणारा हात चौकट आखून दिली की चालू लागतो, हे चित्रकलेच्या शिक्षकांनाही ठाऊक आहे.

खरी अडचण पुढे येते, काम उलगडल्यानंतर. गटातील सगळ्या जणी मैत्रिणी असतात आणि मैत्रिणीच्या कामाला ‘छान आहे’ म्हणण्याची रीत असते. या दोन शब्दांनी कोणाचेच काम सुधारत नाही. म्हणून गंभीर गट समीक्षेचे नियम ठरवून घेतात. काम भिंतीला टाचायचे, करणारीने आधी गप्प बसायचे, इतरांनी फक्त काय दिसते ते सांगायचे. आवडले की नाही, हे नंतर. ‘माझी नजर आधी या लाल तुकड्यावर जाते आणि तेथेच अडते’ असे एखादीने म्हटले, तर करणारीला उपयोगाचे काही मिळते. रंगांचा तोल पाहण्यासाठी कामाचे कृष्णधवल छायाचित्र काढून पाहतात. दुर्बीण उलटी धरून किंवा दाराला बसवतात त्या छिद्रभिंगातून पाहण्याचीही युक्ती आहे. काम एकदम दूर गेल्यासारखे दिसते आणि तोल कुठे बिघडला ते कळते.

दुसरी अडचण नकलेची. कोणाचे तरी छायाचित्र उचलायचे आणि कापडात उतरवायचे, हे सोपे असते. म्हणूनच बहुतेक दर्जेदार प्रदर्शने स्वतःच्या आराखड्याचा आग्रह धरतात. गटातच हा आग्रह रुजला नाही, तर पुढे प्रदर्शनाच्या दारात निराशा ठरलेली.

मापाला कधी कधी फार खोल अर्थ असतो. एड्सने बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९८७ मध्ये अमेरिकेत जी प्रचंड क्विल्ट सुरू झाली, तिचा प्रत्येक भाग तीन फूट बाय सहा फूट ठरवला गेला. साधारण एका कबरीएवढा. अ‍ॅमी सिम्स या क्विल्टकर्तीची आई अल्झायमरने आजारी होती. त्यांनी २००६ मध्ये त्या रोगावरील संशोधनासाठी निधी उभारायचे ठरवले, तेव्हा माप दिले नऊ इंच बाय बारा इंच. टपाल खात्याच्या ठरावीक लिफाफ्यात न दुमडता बसेल एवढेच. देशभरातील महिलांनी असे छोटे तुकडे करून पाठवले आणि त्यांच्या विक्रीतून व लिलावांतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. एकटीने कितीही मोठी क्विल्ट केली असती, तरी हे साधले नसते.

येथवर बोललो ते स्वतः होऊन घालून घेतलेल्या बंधनांविषयी. पण अनेक ठिकाणी बंधन गरिबीने घातलेले होते आणि त्यातूनही तितकीच, किंबहुना अधिक, ठसठशीत कला जन्मली. अलाबामातील जीज बेंड हे नदीच्या वळणावरचे गाव गुलामांच्या वंशजांचे. १९४२ मध्ये तेथील मिसूरी पेटवे यांनी दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट शिवली. दुसरे कापड मागवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच परिसरात १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही महिलांची सहकारी संस्था निघाली. सत्तरच्या दशकात तिला सिअर्स या बड्या दुकानासाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या. हे जाड, रेघांचे कापड बारीक तुकड्यांत शिवायला अवघड, म्हणून आकार मोठे आणि ठळक राहिले. जीज बेंडच्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि त्यानंतर व्हिटनीत लागल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटे निघाली.

आपल्या शेजारी, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. ती कडेपासून शिवायला घेऊन गोल गोल फिरत मध्याकडे नेतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फूल’ बसवतात. २००४ मध्ये सिद्दी महिलांची क्विल्ट सहकारी संस्था स्थापन झाली आणि कवंदी परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचली. विशेष म्हणजे कवंदी आजही पांघरली जाते. भिंतीवर जाण्यासाठी तिला आपला मूळ धर्म सोडावा लागलेला नाही.

महाराष्ट्राची कथा याहून वेगळी नाही, फक्त तिचा पुढचा अंक अजून व्हायचा आहे. सातारा-कोल्हापूरकडची वाकळ असो किंवा बाळंतिणीच्या घरचे दुपटे, वर-खाली जुनी नऊवारी लुगडी, आत धोतरे आणि सदऱ्यांचे थर आणि सर्वांवरून एकसारखा धावदोरा, अशीच ही घडण. विरलेला भाग आत, टिकाऊ भाग वर, काठ कडेला आणि फाटले तेथे रंगीत ठिगळ. ठिगळ कुठे लावायचे हे फाटण्यावर अवलंबून, पण कोणत्या रंगाचे लावायचे हे बाईच्या हातात होते. तेवढ्या जागेत तिने आपली आवड राखली. दुपारच्या वेळी ओसरीवर चौघी चार बाजूंना बसून दोरा घालीत, तेव्हा तोही एक गटच होता. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांची नोंद केली, हे मोलाचे काम. मराठी घराला मात्र गोधडी आजही माळ्यावरची वस्तू वाटते.

यात एक गोष्ट सलते. १९७१ च्या व्हिटनी प्रदर्शनातील अनेक क्विल्टच्या करणाऱ्या कोण, हे कोणाला माहीत नव्हते. कारण त्यांवर नाव नव्हते. आजच्या आर्ट क्विल्ट गटांत नवख्या सदस्येला हटकून एक गोष्ट सांगितली जाते. काम पूर्ण झाले की मागच्या अस्तरावर कापडाचा छोटा तुकडा शिवायचा आणि त्यावर नाव, गाव आणि वर्ष घालायचे. हे ‘लेबल’ नसेल तर काम अपुरे. आमच्या आज्या-पणज्यांच्या गोधड्यांवर असे काही नाही. ती कोणी शिवली हे सांगणारी पिढी गेली, की गोधडी फक्त ‘जुनी’ उरते.

आपल्या गावात असा गट सुरू करायचा झाल्यास सामग्रीची वाण नाही. ओटीत आलेल्या, कधीच न शिवलेल्या ब्लाउजपीसची गठ्ठी जवळजवळ प्रत्येक कपाटात असते. शिंप्याकडच्या चिंध्या बहुधा फुकट मिळतात. मधल्या थराला कापसाची लादी नको, जुनी सुती चादर पुरते. सहा जणी, बारा इंचांचे माप, दोन महिन्यांची मुदत आणि पहिला विषय ‘उंबरठा’ किंवा ‘पाऊस’, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पहिल्या बैठकीला प्रत्येकीने घरातील एक जुनी गोधडी आणावी आणि ती कोणाच्या हातची आहे हे घरी विचारून यावे. सांगणारे कोणी असेल, तर ते नाव त्याच दिवशी, तीन बोटे रुंदीच्या पांढऱ्या सुती पट्टीवर दोऱ्याने लिहून मागच्या कोपऱ्यात टाचता येईल.