दोन परीक्षा

राष्ट्रीय आयुर्विज्ञान अकादमीवर लेख हवा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा दिल्लीस जाऊन अन्सारीनगरच्या दप्तरातले अहवाल चाळणे हाच सरळ मार्ग होता. परंतु ज्या विद्येचा तेथे गौरव होतो, ती सातपुड्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तिचे काय होते, हे पाहण्याचे कुतूहल बलवत्तर ठरले आणि मी नागपूरहून सौंसरची वाट धरली.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २१ एप्रिल १९६१ रोजी ती भारतीय आयुर्विज्ञान अकादमी या नावाने नोंदली गेली, १९७६ मध्ये राष्ट्रीय म्हणवू लागली. नामांकित वैद्यांना ती अधिछात्र म्हणून सन्मानाने आपल्यात घेते आणि शासनास सल्ला देते. १९७५ मध्ये विशेषज्ञांची देशव्यापी परीक्षा घेणारे मंडळ तिच्याच छत्राखाली जन्मले व १९८२ मध्ये वेगळे झाले. अधिछात्रांच्या नामावलीपेक्षा, डॉक्टर कोणत्याही मुलखात शिकलेला असो, त्यास एकच कसोटी लावण्याची ही तजवीज मला मोलाची वाटते.

सौंसर आणि पांढुर्णा या मराठी बोलणाऱ्या दोन तहसिली पूर्वी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. २०२३ पासून त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होते व डॉक्टरांची पथके जखमींची वाट पाहत बसतात, एवढेच बाहेरच्यांना ठाऊक असते. मी मात्र संत्र्यांच्या बागांपलीकडच्या एका आरोग्यकेंद्रात दुसरी परीक्षा पाहत बसलो होतो.

लॅबवाल्या ताईंनी एका मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीतल्या द्रावणात सोडला, आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरला. द्रावणातील साबणासारखे द्रव्य तांबड्या पेशी फोडते, दुसरे प्राणवायू हिरावून घेते. रक्त निरोगी असेल तर द्रावण पारदर्शक राहून रेघा स्पष्ट दिसतात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, आणि गढूळपणामागे रेघा लोपतात. प्रथिनसाखळीतल्या सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे बसले, एवढ्या फरकाचा हा पडदा! त्या नळीवरून माझी दृष्टी हलेना.

रेघा दिसल्या नाहीत.

पुढची अडचण येथूनच सुरू होते. ही नळी वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही. सबब नमुना वेगळ्या यंत्रावर तपासण्यास रवाना करावा लागतो. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने तेथे ती फसवते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या सिकलसेलविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन असा संकल्प सोडला आहे. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोन वाहकांनी विवाह केला तर प्रत्येक गर्भाला आजाराचा चारात एक धोका, हे कोणत्या भाषेत सांगावे? अर्ज हिंदीत, घरात मराठी किंवा गोंडी, आणि ताईंपुढे रांग.

मुलीच्या आजीने मात्र एकच प्रश्न विचारला, “पोरीचं लगीन जमन नं बाई?”

“आजी, आधी दुसरा रिपोर्ट येऊ द्या,” ताई म्हणाल्या, आणि नोंदवहीत पुढचा क्रमांक लिहू लागल्या. आजीने मिळालेली चिठ्ठी लहान घडी करून पदराच्या गाठीत बांधली; मांडवात ती गाठ कोणासमोर सुटणार नाही, हे तिच्या हाताच्या घाईवरून दिसत होते.