सातपुड्यातला घरचा वाद

तापीकाठच्या सपाटीवर दिवाळी एकाच अमावास्येला येते. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यांत मात्र पीक घरात आलं की गावातली जाणती माणसं बसून आपल्या गावदिवाळीचा दिवस ठरवतात. दर गावचा दिवस निराळा, म्हणून सोयऱ्यांना एकमेकांकडे जाता येतं. सण कधी करायचा हे गाव ठरवतं. रूढी किती पाळायची, यावरही तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आलेला आहे. जळगाव-धुळ्यात बसून आपण ‘आदिवासी संस्कृती’ म्हणतो, तेव्हा हा वाद आपल्या कानावरच आलेला नसतो.

सर्वांत जुना वाद दारूचा. मोहाच्या फुलांची दारू भिल्ल-पावऱ्यांच्या पूजेत असते. देवाला धार घातल्याशिवाय इंदलसारखा नवस फिटत नाही, आणि जन्म, लग्न, मरण यांतही तिला मान आहे. इंग्रजांच्या 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. पूजेसाठी घरी गाळायची दारू ठेकेदाराच्या दुकानातून पैसे मोजून आणावी लागली. दारूपाठोपाठ उधारी आली, आणि कर्जापायी जमिनीही गेल्या.

विरोधही समाजातूनच उभा राहिला. 1922 मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींत देवीची चळवळ पसरली. देवी अंगात येई आणि दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, असं सांगे. पुढे 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज हाच उपदेश करू लागले. त्यांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत आणि एकमेकांना ‘आप’ म्हणत. 1938 मध्ये महाराज गेल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. ज्यांना हे पटलं त्यांना त्यात स्वाभिमान दिसला. ज्यांना पटलं नाही त्यांचा प्रश्न साधा होता: धार बंद केली तर देवाला द्यायचं काय? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

1970 नंतर आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात या वादाला नवं तोंड फुटलं. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या पुढाकाराने 30 जानेवारी 1972 ला भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या होत्या जमिनीच्या आणि मजुरीच्या. मात्र बायका एकत्र बसल्या तेव्हा त्यांनी दारू पिऊन होणाऱ्या मारझोडीचा विषय काढला. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. गुला महाराज पावित्र्यासाठी दारू सोडायला सांगत होते. या बायकांना पाठीवरचे वळ थांबवायचे होते.

देजाचंही असंच आहे. सपाटीवर मुलीचा बाप हुंडा देतो, डोंगरात मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज देतो. लेकीच्या कष्टाचं मोल मानणारी ही रीत, असं अनेक वडीलधारी माणसं सांगतात. नवऱ्याला सोडून दुसरं घर केलं तर नवा नवरा आधीच्याचे पैसे फेडतो, म्हणजे बाईची वाट बंद होत नाही, हाही त्यांचा मुद्दा. शिकलेल्या मुली विचारतात, पैसे मोजून आणलेल्या बाईचं घरात चालतं किती? देजाचा आकडा वाढला की मुलाचं घर कर्जात बुडतं, सालदारी नाहीतर उसाची तोड नशिबी येते. म्हणून समाजाच्या बैठकांत देजाला मर्यादा घालण्याची मागणी होते.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराबाबत तर आपणच घोळ घातला आहे. मुलगा-मुलगी पळून जाण्याचा बाजार, असं वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली. आदिवासी तरुण त्यावर चिडून सांगतात, की हा होळीच्या खरेदीचा आणि ढोल-पावरीचा बाजार आहे.

या वादांत आपण सपाटीवरची माणसं दोन टोकांना उभी राहतो. काहींना सगळी रूढी मागास वाटते, काहींना ती जशीच्या तशी जपलेली हवी असते. दोघेही डोंगरातल्या माणसाला मत आहे हे विसरतात. देवाला धार घालणारा पुजारा, गुला महाराजांची आरती करणारा आपपंथी, मडकं फोडणारी बाई आणि देजाला नकार देणारी मुलगी ही सगळी त्या समाजाचीच माणसं आहेत. निकाल त्यांनी लावायचा आहे, आणि रूढीचा भार जिच्या अंगावर पडतो त्या बाईचं म्हणणं त्यात आधी ऐकलं गेलं पाहिजे. आपलं काम एवढंच, की जमीन, शाळा आणि मजुरीच्या त्यांच्या हक्कांसाठी सोबत उभं राहावं. कर्जात अडकलेल्या समाजाला आपल्या रूढीबद्दल मोकळेपणाने ठरवता येत नाही, हे ठेकेदाराच्या त्या दुकानानेच दाखवून दिलं आहे.