वोरिमींच्या वाळूवरून

सिडनीहून उत्तरेला गाडीने अडीच तासांवर पोर्ट स्टीफन्स लागतं. बहुतेक पर्यटक इथे डॉल्फिन बघायला येतात आणि उरलेला वेळ वाळूच्या टेकड्यांवरून फळीवर बसून घसरतात. त्याच टेकड्यांत इथल्या मूळच्या आदिवासी वोरिमी लोकांतल्या गाइडबरोबर गेलं की मात्र पाय जपून टाकावे लागतात.

स्टॉकटनपासून ॲना बेपर्यंत ३२ किलोमीटर वाळू पसरली आहे. इथली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन २००७ साली कायद्याने वोरिमींकडे परत आली. त्यांनी ती राज्य सरकारला भाडेपट्ट्याने दिली. कारभार बघणाऱ्या मंडळात बहुमत त्यांचंच. विल्यमटाउनच्या मुरूक केंद्रातून निघणाऱ्या क्वाड बाइकच्या सफरीही वोरिमींची भूमी परिषदच चालवते.

अशाच एका सफरीत आम्ही हेल्मेट घातलं, थोडा सराव झाला आणि एकच ताकीद मिळाली: पुढच्याच्या चाकोरीतून यायचं. तिचं कारण पहिल्या थांब्यावर कळलं. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत पांढऱ्या शिंपल्यांचा सडा पडला होता. पिपी नावाची ही शिंपली आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतली. भरतीने आणून टाकल्या असतील, असं आमच्यातल्या एकाने म्हटलंच. गाइडने त्याला खाली बसवलं. लाटेने आणलेल्या ढिगात लहानमोठी, नाना जातींची शिंपली असतात. इथे जवळजवळ सगळी एकाच जातीची, खाण्याजोग्या आकाराची; मध्येच कोळशाचे काळे कण, दगडाच्या धारदार कपच्या. म्हणजे कुणीतरी इथे बसून, चूल पेटवून पोटभर जेवलं होतं, आणि एकदाच नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या. एक कपची त्याने बोटांत धरून दाखवली आणि पुन्हा नेमकी तिच्याच खळग्यात ठेवली. या ढिगांना कायद्याचं संरक्षण आहे. उचलणं सोडाच, तुडवणंही गुन्हा. पण वाऱ्याला कायदा लागू नाही. आज उघडं पडलेलं ठिकाण काही दिवसांत गाडलं जातं आणि भलतीकडेच नवं उघडं पडतं. म्हणून फलक नाहीत, आखीव रस्ता नाही. कुठून गाड्या न्यायच्या हे गाइडला वाळू बघून ठरवावं लागतं, आणि या कामातलं खरं कसब हेच आहे असं मला वाटलं.

पुढे त्याने हातांनीच वाळू उपसली आणि कोपरभर खोलीवर पाणी झिरपायला लागलं. चव घेतली तर गोडं. नदीच्या पात्रात झिरा खणणाऱ्या आपल्या लोकांना याचं नवल वाटणार नाही, पण इथे समुद्राची गाज कानांवर येत होती. पावसाचं पाणी वाळूत मुरून साठून राहतं. जवळच्या टोमॅगोच्या वाळूथरांतून न्यूकॅसल परिसराला पिण्याचं पाणीही जातं.

झुडपांपाशी त्याचा सूर बदलला. पिवळ्या फुलांचं बिटू बुश मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. १९०८ साली ते स्टॉकटनजवळ पहिल्यांदा आढळलं, बहुधा जहाजाच्या भारातल्या मातीतून आलेलं. वाळू थोपवायला म्हणून पुढे सरकारनेच १९४६ पासून वीसेक वर्षं ते किनारपट्टीवर लावलं. आता तेच उपटण्यात पैसा जातो आहे. त्या आधीच्या, ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीला इथली दहा लाख एकर जमीन देऊन टाकणाऱ्या १८२०च्या दशकाबद्दल तो दोनच वाक्यं बोलला.

एका बाईंनी दफनभूमीबद्दल विचारलं. ते आम्ही सांगत नाही, असं हसून म्हणत त्याने बाइक सुरू केली. कुणाला हे आखडूपणाचं वाटेल; मला तो मालकीचा सर्वांत स्वच्छ पुरावा वाटला. संग्रहालयात काचेमागे सगळंच मांडलेलं असतं, कारण तिथे मांडणारा दुसराच असतो.

ऑस्ट्रेलियात मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता कमी नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस बघून झालं की एक दिवस इकडे काढा. क्वाड बाइक झेपणार नसेल तर आधी चौकशी करा, बंद बूट घाला आणि शिंपला एकही खिशात टाकू नका.