नियमांची फेरतपासणी आणि भस्माचा तोल

'विज्ञानाचे नियम वरचेवर बदलतात. मग आपल्या औषधांना त्यांची कसोटी कशाला?' असा प्रश्न वैद्यांच्या बैठकांत हमखास ऐकू येतो. नियम बदलतात हे खरे. परंतु ते कसे बदलतात हे पाहिल्यास उत्तर निराळे निघते.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (निधन 2025) यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असता नवे द्रव्य अविरत निर्माण होते, या मताचे दोघेही पुरस्कर्ते. म्हणजे द्रव्य व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या नियमालाच हात घालणे आले. पण त्यांनी तो नियम मोडीत काढला नाही. ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची कल्पना करून जमाखर्च जुळवून दाखविला. 1965 मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. 1993 मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी सुधारित सिद्धांत मांडला. तोही सर्वमान्य झाला नाही. एवढ्या विद्वत्तेलाही निरीक्षणाने सवलत दिली नाही!

आता आपल्या पुटाकडे वळू. 100 ग्रॅम शुद्ध जसदाचे पूर्ण ऑक्साइड झाल्यास सुमारे 124.5 ग्रॅम भस्म मिळते. वाढलेला भार अग्नीने निर्माण केलेला नसून ऑक्सिजनचा आहे. धातूंचा भार असा का वाढतो, हे लॅव्हॉझिए यांनी अठराव्या शतकात तराजूनेच दाखविले. मारणात वापरलेल्या गंधकाशी संयोग टिकून राहिला, तर आकडा 149 पर्यंत जाऊ शकतो. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये वस्तुमान व ऊर्जा परस्परतुल्य ठरविल्यावर वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम सुधारला गेला खरा. परंतु या दहनात त्यामुळे घटणारे वस्तुमान ग्रॅमच्या एक कोटीव्या अंशाहूनही कमी भरते. आपला कोणताही तराजू ते दाखविणार नाही.

म्हणून 160 ग्रॅम भरले, तर वनस्पतींची राख वा माती मिसळल्याचा संशय घ्यावा. रुग्णाला ठरल्या मात्रेपेक्षा कमी जसद जात असते. 90 भरले, तर द्रव्य सांडले किंवा धुरावाटे गेले, आणि तो धूर कामगारांच्या श्वासात जाऊन ज्वर आणू शकतो. औषधनिर्माणशाळांच्या मालकांनी प्रत्येक पुटाआधीचे व नंतरचे वजन नोंदवहीत लिहावे. अनेक ठिकाणी केवळ शेवटचे वजन लिहिलेले आढळते. त्यावरून काहीच कळत नाही.