सरी-वरंब्यांनी अडवलेला आवाज

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २००३ मध्ये ‘पोल्डरबान’ ही नवी धावपट्टी सुरू झाली आणि जवळच्या होफ्डॉर्पकरांची शांतता गेली. त्रास देणारा आवाज आकाशातून नव्हे, जमिनीलगत येत होता.

उड्डाणासाठी विमान वेग घेतं, तेव्हा इंजिनांतून खोल, घुमणारी घरघर निघते. हा सारा मुलूख एकोणिसाव्या शतकात तळं उपसून तयार केलेला, परातीसारखा सपाट. आडवं यायला ना टेकडी, ना चढ. त्यामुळे ही घरघर दूरवर पसरायची. खिडकीला दुहेरी काच बसवूनही ती पुरती थांबत नाही. कारण इतक्या खोल आवाजाच्या लहरी फार लांब असतात; ३० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबीच ११ मीटरहून जास्त भरते.

उपाय सापडला तो शेतात! सुगीनंतर नांगरट झाली की आवाज कमी होतो, हे लक्षात आलं. उंचसखल ढेकळांवर लहरी विखुरत होत्या. मग कलावंत पॉल द कोर्ट यांच्या कल्पनेतून धावपट्टीजवळ मातीचे सुमारे दीडशे वरंबे रचले गेले. उसाच्या रानातल्यासारखेच, पण जवळपास पुरुषभर उंच, धारदार माथ्याचे. २०१३ मध्ये त्यांचं उद्यान झालं. आता सऱ्यांमधून लोक फिरतात, सायकली हाकतात.

डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज मात्र ही माती अडवू शकत नाही. तिथे उड्डाणाचे मार्ग वस्तीपासून दूर नेणं आणि रात्रीची विमानं कमी करणं, याला पर्याय नाही.